तळ दिसणारे पाणी

गेल्या बुधवारी दुपारी भाचीला घेऊन पणजीला कांपालच्या जलतरण तलावावर गेलो होतो. सराव सुरू व्हायला अवकाश होता, पाण्यात कोणीच उतरले नव्हते आणि वाराही पडलेला होता, त्यामुळे तळावरच्या काळ्या पट्ट्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, चार रेघी वहीसारख्या, स्पष्ट दिसत होत्या. मी स्वतः इतकी वर्षे पोहत असूनही त्या पट्ट्या अशा काठावर उभे राहून, कोरड्या अंगाने, कधी पाहिल्या नव्हत्या.

रोज सराव करणाऱ्याला तलाव म्हणजे काय, तर ही पट्टी. बाकी सारे काठावरच्यांसाठी असते. भिंत यायला दोन मीटर असताना पट्टी संपते आणि शेवटी एक आडवी रेघ येते. ती दिसली की अंग आपोआप गुंडाळले जाते. पाठीवर पोहताना ही सोय नाही, म्हणून भिंतीच्या पाच मीटर अलीकडे डोक्यावर पताका लावलेल्या असतात. त्या दिसल्यानंतर किती हात मारायचे हे ज्याचे त्याला ठाऊक असते. माझे पाच. पाहुणा म्हणून दुसऱ्या तलावात उतरलो, तर तिथेही पाच मीटर तेच असूनही माझे सहा होतात आणि डोके भिंतीवर आपटेल या धास्तीने मी उगाच चाचपडतो. आपल्या तलावाचे पाणी ‘हलके’ आणि दुसऱ्याचे ‘जड’ असे नित्याचे पोहणारे छातीठोकपणे सांगतात. त्याला शास्त्राचा आधार नाही हे मला समजते, पण मी त्यांच्याच बाजूचा आहे.

क्लोरीनचा वास म्हणून आपण नाक मुरडतो तोही नुसत्या क्लोरीनचा नसतो. घाम आणि चारचौघांत सांगू नये असे आणखी जे काही पोहणारे पाण्यात सोडतात, त्याच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होते, त्याचा तो उग्र दर्प. हे कळल्यापासून, जिथे वास जास्त येतो तिथे आंघोळ न करता उतरणारे जास्त, एवढा हिशेब मी मनातल्या मनात करतो आणि तोंड घट्ट मिटून पोहतो.

मी पोहायला शिकलो ते फोंड्याकडच्या आमच्या गावच्या तळीत. चिऱ्यांच्या पायऱ्या, त्यांतल्या खालच्या तीन-चार शेवाळाने बुळबुळीत झालेल्या, आणि पाणी वर्षाचे बारा महिने हिरवे. काकांनी दोन सुके नारळ सोडणांनी एकमेकांना बांधून माझ्या छातीखाली दिले आणि ‘पाय मार’ एवढेच सांगून ते पायरीवर विडी ओढत बसले. चार दिवसांनी त्यांनी एक नारळ काढून घेतला, आठव्या दिवशी दुसराही. माझी भीती बुडण्याची नव्हती, तळाची होती. चवथीचे गणपती तिथेच विसर्जित होत, आणि खाली त्या मातीत अजून हात, सोंडा, मुकुट पडलेले असतील अशी माझी समजूत होती. पाय खाली लागू नयेत म्हणून मी इतक्या जोराने ते मारत असे की काकांना वाटले, पोर हुशार आहे.

मोजायला तिथे काही नव्हते. पलीकडच्या पायरीला हात लावून परत आले की झाले. इथे मात्र पन्नास मीटरचा तलाव म्हणजे वीस फेऱ्यांचा किलोमीटर, आणि चौदावी की पंधरावी हा घोळ माझा रोजचाच. संशय आला की कमी धरून एक फेरी जादा मारायची, हा माझा नियम. पैशांच्या बाबतीत मी इतका प्रामाणिक नाही.

‘गोव्यात राहून तलावात कसले पोहता? समुद्र आहे ना?’ असे बाहेरून येणारे पाहुणे हमखास विचारतात. समुद्राला भिंत नाही आणि पट्टी नाही, त्यामुळे दर थोड्या वेळाने मान वर काढून आपण कुठे आहोत ते पाहावे लागते. त्यात पावसाळ्यात किनाऱ्यांवर लाल बावटे लागतात. हे समजावण्याचा मी पूर्वी प्रयत्न करीत असे, आता हसून सोडून देतो. 2023 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांतले पोहणेही मांडवीच्या काठी, पण नदीत नव्हे, याच कांपालच्या तलावात झाले.

एवढ्यात शिट्टी झाली, मुले पाण्यात उतरली आणि वही पुसली गेली.

त्याच रविवारी गावी गेलो होतो. तळीवर कोणी नव्हते, ऊन मजबूत होते, टॉवेल खांद्यावर होता. खालच्या पायरीपर्यंत उतरून घोट्याएवढ्या पाण्यात बराच वेळ उभा राहिलो. तळ दिसत नव्हता. पाय धुतले आणि वर आलो.