आधीच ऑपरेशन का नाही केलं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. 'जठरातली कॅन्सरची गाठ पसरली नव्हती, मग लगेच काढून का नाही टाकली? बाबांना दोन महिने सलाइनवर का ठेवलंत?'

कारण दिसते ती गाठ काढून भागत नाही. स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या पेशी आधीच बाहेर पडलेल्या असू शकतात. आणि जठर काढल्यावर खाणं तुटतं, वजन उतरतं, पुढची केमो अनेकांना झेपत नाही. म्हणून चार डोस आधी, चार नंतर. दर दोन आठवड्यांनी 'फ्लॉट' ही केमो, आणि एकाआड एक डोसाला ड्युर्व्हालुमॅब, म्हणजे इम्युनोथेरपी. गाठ अंगात असतानाच ती दिली, तर प्रतिकारशक्तीला शत्रू नीट ओळखता येतो, असा त्यामागचा विचार. 2025 मध्ये ही दोन्ही एकत्र देऊन पाहणाऱ्या मॅटरहॉर्न चाचणीचे आकडे आले. दोन वर्षांनंतर आजार न वाढता, न उलटता असलेले 67.4 टक्के, नुसत्या केमोवर 58.5. शंभरामागे नऊ माणसं. त्या नवांत बाबा असावेत, एवढंच मला हवं होतं.

तिसऱ्या डोसानंतर जुलाब सुरू झाले. ते केमोनेही होतात. पण इम्युनोथेरपीत आपलीच प्रतिकारशक्ती आतड्यावर उठली तरी होतात, आणि मग स्टिरॉइड लागतात. असं काही झालं तर रात्र असली तरी फोन करा, असं आम्हाला बजावलं होतं. त्या रात्री मी सात वेळा मोजले. बाबा म्हणाले, "सकाळी बघू गं. आत्ता कळवलंस तर ऑपरेशन पुढे ढकलतील." मी ऐकलं. खरं सांगायचं तर मलाही तीच भीती होती, त्यांचं निमित्त मिळालं. पहाटे बाथरूममधून उत्तर येईना. दार ढकललं तर ते भिंतीला टेकून फरशीवर बसलेले, ओठ कोरडे पडलेले. माझ्याकडे बघून त्यांनी आत्याच्या नावाने हाक मारली.

आतड्याचा दाहच निघाला. स्टिरॉइड दिले, इम्युनोथेरपी थांबली, ऑपरेशन तीन आठवडे लांबलं.

आधीच ऑपरेशन केलं असतं तर ही रात्र आली नसती, हे तुमच्याआधी मीच मला ऐकवलंय. पण काढलेल्या जठराच्या रिपोर्टात गाठीच्या जागी बराचसा नुसता व्रण होता, लसिकाग्रंथी स्वच्छ होत्या. जिवंत पेशी मात्र थोड्या उरल्या होत्या. औषधाचा निर्णय बरोबर होता, असं मी आजही म्हणते. फोनचं तसं म्हणता येत नाही. आणि कधीकधी ही दोन्ही उत्तरं वेगळी ठेवणं मला जमत नाही.

बाबा आता दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खातात. त्या रात्रीबद्दल त्यांनी मला आजवर एकदाही विचारलेलं नाही.