नेल घालण्याआधीची वीस मिनिटं

नौपाड्यातल्या ७८ वर्षांच्या आजी मोरीत घसरून पडल्या. उजवा पाय आखूड झालेला, पाऊल पार बाहेर वळलेलं. खुबा मोडलाय हे एक्स-रेआधीच कळत होतं. मांडीच्या हाडाच्या वरच्या भागाला असलेल्या दोन उंचवट्यांना ट्रोकँटर म्हणतात; मोठ्या ट्रोकँटरमधून तिरकी रेघ गेली होती आणि छोटा ट्रोकँटर सुटा झाला होता, म्हणजे अस्थिर फ्रॅक्चर. मुलाने विचारलं, "वजन लावून झोपवून ठेवलं तर?" हाड जुळेलही, पण तोवर पाठीला जखमा, न्यूमोनिया, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, आणि या वयात माणूस त्यानेच जातो. दुसऱ्याच दिवशी सकाळी नेल, म्हणजे हाडाच्या पोकळीत बसवायची धातूची सळई, घालायला ऑपरेशनला घेतलं.

कमरेखाली भूल. फ्रॅक्चर टेबलवर पाय ताणून जरासा आत वळवला. सी-आर्मवर (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्रावर) समोरचं चित्र छान दिसत होतं. बाजूचं घेतलं, तर फ्रॅक्चर मागे खचलेलं! नेल हाड जागेवर आणत नाही, असेल तसं पक्कं करतो. ताण वाढवून उपयोग नव्हता. सहकाऱ्याने खालून मांडीला तळवा देऊन उचलून धरलं, मी पुढून दोन सेंटिमीटरच्या छेदातून लीव्हर सरकवून वरचा तुकडा दाबला. मग पुन्हा समोरून पाहिलं: मोठ्या ट्रोकँटरचं टोक मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याच्या केंद्राच्या पातळीत यायला हवं. टोक त्याच्या वर असेल तर गोळ्याखालची हाडाची मान खाली झुकलेली आहे. यातच वीस मिनिटं गेली, पण ती सत्कारणी लागली.

नेलसाठी हाड पोखरणारा रीमर हाडाला टेकण्याआधीच फिरता हवा आणि हळूच आत न्यावा; ढकलला की फट फाकते. नेलमधून गोळ्यात जाणाऱ्या स्क्रूची वाट ठरवणारी तार, म्हणजे गाईडवायर, पहिल्यांदा वरच्या बाजूला गेली. दोन्ही चित्रांतलं तिच्या टोकापासून गोळ्याच्या शिखरापर्यंतचं अंतर मिळून ३१ मिलिमीटर भरलं. ते २५ च्या आत हवं, नाहीतर ठिसूळ हाडातून स्क्रू वर फाडत निघतो. वायर काढून परत घातली: १८. नेल खाली हाडाला पक्का करणारा स्क्रू लावण्याआधी ताण सैल केला, म्हणजे तुकडे एकमेकांवर बसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉकर दिला. सून घाबरली होती, "एवढ्यात भार?" सोसेल तेवढा पूर्ण भार द्यायचा, त्यासाठीच तर नेल. आजींचे पाय थरथरत होते, पण चार पावलं टाकली.

इमारतीला लिफ्ट नाही, म्हणून घरी जाण्याआधी जिना शिकवला: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. घरी उंच कमोड खुर्ची, मोरीत पकडायला दांडी, पायपुसणी उचललेली, रात्री दिवा. टाके चौदाव्या दिवशी. रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन चार आठवडे. व्हिटॅमिन डी भरून आल्यावर आणि किडनी तपासून हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिड. ते टाळलं तर दुसरा खुबाही मोडू शकतो.

सहा आठवड्यांच्या एक्स-रेत गोळ्यातला स्क्रू चार मिलिमीटर बाहेर सरकलेला पाहून मुलगा दचकला. तुकडे दबून जुळताना तो असाच सरकतो, त्यासाठीच तो सरकता असतो. मान मात्र तसूभरही झुकली नव्हती.