उभे फक्त पाच

बावीस वर्षं गाडीच्या मागच्या दरवाजाशी उभा राहून मी एकच ओरडत आलो, "पुढे सरका, पुढे जागा आहे." गाडी कितीही भरलेली असो, अजून चार माणसं आत मावतात हे कंडक्टरला ठाऊक असतं. ८ जून २०२० ला सगळं उलटं झालं. खासगी ऑफिसं दहा टक्के माणसांवर उघडली, लोकल सामान्य माणसाला बंदच राहिली आणि आमच्या बेस्टच्या लाल गाड्यांना नियम आला: एका बाकावर एक, उभे फक्त पाच. त्या दिवसापासून माणसांना वर घेणं मागे पडलं, त्यांना खाली ठेवणं हे माझं काम झालं.

त्याआधीचे अडीच महिने, खरं सांगायचं तर, काम सोपं होतं. फक्त अत्यावश्यक सेवेवाले. कार्ड दाखवा, तिकीट घ्या. नर्स, वॉर्डबॉय, पालिकेचे सफाई कामगार, पोलीस. लालबहादूर शास्त्री मार्ग इतका मोकळा मी कधी बघितला नव्हता. मुलुंड चेकनाक्यावरून सायनला सकाळी एरवी सव्वा तास खाणारी गाडी अर्ध्या तासात पोचायची आणि आम्ही दोघं, ड्रायव्हर आणि मी, एकमेकांकडे बघत बसायचो. मुंबईत लॉकडाऊन कुणी पाळलाच नाही असं आता लोक सर्रास बोलतात. ते मला पटत नाही. एप्रिलमध्ये तो रस्ता मी रोज बघत होतो. ज्यांना घरात बसणं परवडत होतं ते बसले, आणि ज्यांना परवडत नव्हतं तेही बरेच दिवस बसले.

जूनपासून प्रश्न मोजण्याचा झाला. बाहेरच्याला वाटेल, पाच माणसं मोजण्यात काय अवघड? आम्ही एरवी उभी माणसं वरच्या दांडीवरच्या हातांवरून ओळखतो. पण त्या दिवसांत दांडीला हात लावायला लोक घाबरत होते. कुणी कोपर अडकवायचा, कुणी बाकाच्या पाठीला मांडी टेकवून तोल सांभाळायचा. हात मोजून हिशेब लागेना, म्हणून मी चपला-बूट मोजायला लागलो. त्यात तोंडावर मास्क, त्यावर फेसशील्ड, पावसात त्यावर धुकं. मशीनला प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली, तिच्यावरून बटण दाबायचं. सॅनिटायझरने बोटांची सालं निघाली होती आणि ओली पाच-पाचची नाणी बॅगेत एकमेकांना चिकटायची. मास्कमधून माझा आवाज पुढच्या दरवाजापर्यंत जायचा नाही. बावीस वर्षं मी ज्या आवाजावर गाडी चालवली, तोच गेला होता.

आणि बेल माझ्या हातात. एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. मी दोन मारत नाही तोवर ड्रायव्हर गाडी हलवत नाही. त्यामुळे भांडण कुणाचंही असो, शेवटी येऊन थांबायचं ते माझ्यापाशी.

त्या दिवशी, जुलैमधली गोष्ट, सकाळी सातच्या सुमाराला धो धो पाऊस. मुलुंड सोडतानाच बाक भरलेले आणि उभे पाच. सोनापूरला कुणी उतरलं नाही. स्टॉपवर वीसेक माणसं. त्यांतल्या एकाने दरवाजाचा दांडा धरला आणि सोडेना. पस्तिशीचा, पाठीला बॅग, शर्ट भिजून अंगाला चिकटलेला. म्हणाला, "घे रे बाबा, आज नाय पोचलंय तर उद्या येव नको म्हणतले."

मी कणकवलीचा. मालवणी कानावर पडली आणि माझा हात सैल झाला. मी त्याला वर घेतलं. सहावा. पुढे कुणीतरी कुरकुर केली, ती मी ऐकून न ऐकल्यासारखी केली. मंगतरामच्या स्टॉपला एक बाक रिकामा झाला, तो नेमका त्याच्याजवळचा. तो खिडकीशी बसला. उभे परत पाच. माझा हिशेब बसला आणि मला बरं वाटलं.

कांजूरमार्गचं गांधीनगर आलं. उभ्यातला एक उतरला, म्हणून एकाला वर घेतलं. त्याच्या मागोमाग एक बाई चढल्या. पंचेचाळीसच्या असतील. निळी छत्री मिटत मिटत चढल्या आणि पायरीवरच थांबल्या. मी सांगायच्या आधीच खिडकीतून आवाज आला, "मास्तर, सहा झाले! उतरवा त्यांना. नियम म्हणजे नियम. घरी म्हातारी माणसं आहेत आमच्या."

तोच. दहा मिनिटांपूर्वी दांडा धरून उभा असलेला. आता मालवणीत नाही, शुद्ध मराठीत. हातात मोबाइल, कॅमेरा माझ्याकडे. त्याच्यामागून आणखी दोघं-तिघं बोलायला लागले, "बेल मारू नका, आधी त्यांना उतरवा." खाली राहिलेले ओरडत होते, "आम्हाला पण घ्या, आमची काय नोकरी नाही?"

त्या बाईंनी वाद घातला नाही. गळ्यातलं कार्ड पुढे केलं, प्लास्टिकच्या पाकिटात. क्वारंटाइन सेंटरवर आया, कंत्राटी. म्हणाल्या, "आठची ड्यूटी आहे. मी गेल्याशिवाय रात्रीची बाई सुटत नाही."

एप्रिलमध्ये तेच कार्ड बघून मी त्यांना हक्काने बाकावर बसवलं असतं आणि तो खिडकीतला माणूस सोनापूरच्या स्टॉपवर उभा राहिला असता. जुलैमध्ये कार्डाला माझ्या दरवाजात किंमत नव्हती. फक्त आकडा. आणि आकडा पाच.

मी म्हणालो, "ताई, मागची गाडी रिकामी येत्ये."

हे वाक्य आम्ही सगळेच कंडक्टर बोलतो. भरलेल्या गाडीचा दरवाजा मोकळा करायला ते चालतं, बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यालाही त्यातलं खरं-खोटं माहीत असतं. पण त्या दिवशी मागची गाडी अर्ध्या तासाने होती आणि तीही रिकामी येणार नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं. बाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं. छत्री उघडली आणि खाली उतरल्या. मी दोन बेल मारल्या.

विक्रोळीत पुढच्याच स्टॉपला तिघं उतरले. चार मिनिटंही झाली नव्हती.

गाडीत बसलेल्यांना मी नुसता दोष देत नाही. त्या खिडकीतल्या माणसाच्या घरी म्हातारी आई असेलही. नियम कडक हवा असं त्याला मनापासून वाटत होतं आणि सोनापूरला नियम सैल हवा असं वाटत होतं तेही मनापासूनच. बरोबरच्या एका कंडक्टरचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला त्या आठवड्यात मलाही सगळ्या गाड्या बंद कराव्यात असं वाटत होतं, आणि पगाराची तारीख जवळ आली की चालू राहाव्यात असं. राग आला तो ऑफिसवाल्या साहेबांचा. माणसाला कामावर बोलवायचं, उशीर झाला तर काढून टाकायची धमकी द्यायची आणि तो लोकलशिवाय येणार कसा हे एकदाही विचारायचं नाही. रोज सकाळी दरवाजात होणारी निम्मी भांडणं त्यांनी लावलेली होती.

आमच्या भांडुपच्या चाळीतही तसंच. २२ मार्चला पाच वाजता सगळ्या गॅलऱ्यांतून थाळ्या वाजल्या, मी ड्यूटीवरून येत होतो तर माझ्याकडे बघून जास्तच वाजवल्या. एप्रिलमध्ये त्यांतलेच दोघं मला सांगायला आले, "भाऊ, रात्री दहानंतर येत जा, तेव्हा पोरं बाहेर नसतात. आणि संडासला सगळ्यांच्या आधी पहाटे." मला खूप लागलं ते. तरी मी दोन महिने दहानंतरच घरी गेलो. दहा बाय बाराच्या खोल्या, एका मजल्याला एक संडास, अंतर ठेवायचं कुठे? त्यांनी मला दूर ठेवलं, कारण दूर ठेवण्यासारखं दुसरं काही त्यांच्या हातात नव्हतं. हे मला आता समजतं. त्या वेळी समजलं नाही.

त्या बाई दहा-बारा दिवसांनी परत दिसल्या, त्याच स्टॉपवर. चेहरा अर्धा झाकलेला, मी छत्रीवरून ओळखलं. गाडीत उभे तीनच होते. त्या वर आल्या, सुटे दहा दिले, कुर्ला म्हणाल्या. मला काहीतरी बोलायचं होतं, त्या दिवशी पोचलात का वेळेवर, एवढं तरी. पण मास्क आणि फेसशील्डमागे मी कोण हे त्यांना कळलं नव्हतं. मी तिकीट फाडून दिलं. त्या पुढे जाऊन कोपर दांडीत अडकवून उभ्या राहिल्या.

एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली आणि गाडीत उभं राहणंच बंद झालं. एका सकाळी सोनापूरला तोच माणूस, तीच बॅग. सगळे बाक भरलेले. त्याने दांडा धरला आणि मला ओळखून हसला. "घे रे बाबा."

मी त्याला मराठीत सांगितलं, "मागची गाडी रिकामी आहे." आणि दोन बेल मारल्या. त्या मी नियमासाठी मारल्या की गांधीनगरच्या त्या बाईंसाठी, ते मला अजून सांगता येत नाही.