सखूसाठी स्थळ

म्हाताऱ्या मांजरीसाठी घर शोधायला लागलं की लग्नं जमवणाऱ्या मंडळींबद्दल एकदम आदर वाटू लागतो. वय चौदा, रंग करडा, किडनी अधू, आणि यातलं काहीही लपवायचं नाही.

सखू शेजारच्या आजींची. आजी मुलाकडे राहायला गेल्या, तिथे नातवाला दमा. आमच्याकडे कुत्रा, त्यामुळे आमचं घर बाद. मग मी तिची माहिती लिहायला बसले आणि ठरवलं, गोड काही लिहायचं नाही. बेल वाजली की कपाटामागे जाते. मांडीवर बसत नाही. पाणी खूप पिते, शी-शूचा ट्रे दिवसातून दोनदा साफ करावा लागतो. खोटं सांगून दिलेलं मांजर आठवड्याभरात परत येतं, आणि चौदाव्या वर्षी दोनदा घर बदलणं म्हणजे शिक्षाच.

म्हाताऱ्या मांजरांत किडनीचं दुखणं फार आढळतं. किडनी लघवी दाट करू शकत नाही, म्हणून पाणी निघून जातं, म्हणून तहान लागते. वरवर पाहणाऱ्याला वाटतं, वा, पाणी छान पितेय! लक्षणं दिसू लागतात तोवर किडनीचा बराचसा भाग कामातून गेलेला असतो. मग फॉस्फरस कमी असलेलं खाणं, आणि डॉक्टरांनी सांगितलं तर घरीच त्वचेखाली सलाईन. मानेच्या मागची कातडी चिमटीत उचलायची, सुई आत सरकवायची. पाणी जाताना तिथे फुगवटा येतो आणि हळूहळू पुढच्या पायाकडे उतरतो. पहिल्यांदा पाहणारा घाबरतो. सखू मात्र हे सगळं निमूटपणे करून घेते. माणसानं हात फिरवलेला तिला चालत नाही, सुई चालते. असो.

फोन बरेच आले. ‘आम्हाला मांजरं खूऽऽप आवडतात’ असं सुरुवातीलाच सांगणाऱ्यांची मला धास्ती वाटते. आवडणाऱ्या माणसाला बदल्यात काहीतरी हवं असतं. निदान मांजरीनं पायात घोटाळावं तरी. एका बाईंनी विचारलं, मुलांशी खेळेल ना? एकानं विचारलं, किती वर्षं जगेल? प्रश्न रास्त होता, पण उत्तर कुणाकडेच नाही.

शेवटी एका निवृत्त गृहस्थांचा फोन आला. मांजर आवडतं की नाही, याबद्दल अवाक्षर नाही. गोळी कशात देता? गोळीनंतर पाणी पाजता का? ट्रेची कड किती उंच? (म्हाताऱ्या सांध्यांना उंच कड ओलांडवत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.) स्थळ तिथेच पक्कं झालं.

सखूबरोबर आजींची जुनी चादर दिली, न धुता. मांजराला घर ओळखीचं वाटतं ते वासानं. चादर धुतली की घर धुतलं गेलं. सुरुवातीला एकच खोली, लपायला आडवं ठेवलेलं खोकं, तेच खाणं, तीच वाळू. खोक्यातून तिला ओढून काढायचं नाही, हे दोनदा बजावलं. आणि एका गोष्टीला सूट नाही: मांजरानं दिवसभर काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठू लागते, आणि ते दुखणं जिवावर बेततं. लाजतेय, खाईल उद्या, असं म्हणत बसायचं नाही.

पहिल्या रात्री त्यांनी खाणं किंचित कोमट करून ठेवलं, म्हणजे वास सुटतो. सकाळी मला फोटो आला: चाटूनपुसून स्वच्छ केलेली वाटी. मांजर फोटोत कुठेच नाही. पुढेही बरेच फोटो आले, वाटीचे, ट्रेचे, एकदा खोक्याबाहेर आलेल्या शेपटीच्या टोकाचा. गृहस्थांची तक्रार नव्हती. त्यांना सारखं बोलणारं कुणी लागत नाही, असं दिसतं.

परवा मात्र गृहस्थ जरा अडले. डॉक्टरांनी दर महिन्याला वजन करायला सांगितलंय, कारण या आजारात आधी वजन उतरतं. मी कळवलं, कॅरिअरसकट (मांजर न्यायच्या पेटीसकट) काट्यावर ठेवा आणि रिकाम्या कॅरिअरचं वजन वजा करा, सोपं आहे. लगेच उत्तर आलं: ‘वजाबाकी येते हो. कॅरिअरमध्ये घालणार कोण?’