रोबो थांबवतो, पण ठरवतं कोण?

रोबोने होणाऱ्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वॉर्डात गेलं की आजी-आजोबांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "सिस्टर, सगळं मशीनच करणार ना? डॉक्टर नुसते बघणार?" काहींच्या आवाजात धास्ती असते, तर काहींना त्यात उलट दिलासा वाटत असतो. मी पुण्यात ऑर्थोच्या ओटीत, म्हणजे हाडांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये, स्क्रब नर्स आहे; सर्जनच्या हातात हत्यारं देणं हे माझं काम. गुडघे बदलायची ऑपरेशनं साध्या जिगने (हाडावर लावून काप नेमका घ्यायच्या साच्याने) होताना पाहिली, आता रोबोनेही रोज पाहते. त्यामुळे यावर जरा सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

आमच्या ओटीतला रोबो सर्जनच्या हातातली करवत धरून ठेवणारा आहे. आधी पेशंटच्या पायाचा सीटी स्कॅन होतो. त्यावरून हाडांचं त्रिमितीय मॉडेल तयार होतं आणि किती मिलिमीटर हाड काढायचं, किती अंशात काप घ्यायचा याचा आराखडा सर्जन करतात. टेबलावर मांडीच्या आणि नडगीच्या हाडात पिना बसवून त्यावर ट्रॅकर, म्हणजे हाडाची जागा दाखवणाऱ्या खुणा, लावले जातात. कॅमेरा त्यांच्याकडे पाहत असतो. मग सर्जन प्रोबने (टोकदार सळईने) एकेका हाडावर चाळीसएक बिंदू टिपतात, तेव्हा कुठे समोरचा गुडघा आणि पडद्यावरचा गुडघा एकमेकांशी जुळतो. कापताना ट्रिगर सर्जनच्या बोटाखाली असतो. बोट उचललं की करवत बंद. आखलेल्या प्रतलातून हात इकडेतिकडे जायला लागला तर यंत्र जाऊ देत नाही. पण गुडघ्याच्या मागून जाणारी मोठी रक्तवाहिनी त्या आराखड्यात नसते. ती सांभाळायला रिट्रॅक्टर, म्हणजे मऊ भाग बाजूला धरायचं हत्यार, धरलेला माणूसच लागतो.

मला सगळ्यात मोलाचा टप्पा वाटतो तो काप घेण्याच्या आधीचा. मध्यंतरी एका मावशींचं ऑपरेशन होतं. पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले, दुखणं जुनं. वाढलेली हाडं काढून झाल्यावर आमच्या सर्जन सरांनी पाय सरळ धरून गुडघा आतून-बाहेरून ताणून पाहिला, मग काटकोनात वाकवून पुन्हा ताणला. पडद्यावर आकडे आले. पाय सरळ असताना दोन हाडांमधली आतल्या बाजूची फट बाहेरच्यापेक्षा ३ मिलिमीटरने कमी होती. इथे दोन वाटा असतात. आराखडा आहे तसा ठेवून आतलं लिगामेंट (हाडांना जोडणारा पट्टा) रिलीज, म्हणजे सैल, करायचं, नाहीतर काप थोडा झुकवायचा. सर काही क्षण बोलले नाहीत. पाय हातात तसाच होता, पुन्हा एकदा ताणून पाहिला. मग म्हणाले, "नडगीचा काप २ अंश व्हॅरसमध्ये, म्हणजे आतल्या बाजूला झुकवून, घ्या. यांचं लिगामेंट चांगलं आहे, त्याला हात नाही लावायचा. सैल झालं तर जिना उतरताना घाबरतील." आकडे बदलले, फरक १ मिलिमीटरवर आला, आणि मगच करवत हातात घेतली.

दोन्ही वाटा यंत्राला चालल्या असत्या. ३ मिलिमीटरचा फरक त्याने अचूक दाखवला, जो नुसत्या हाताला इतका नेमका कळत नाही. पण या बाईंच्या पायात कुठली वाट धरायची, हे सरांच्या हाताने ठरवलं. मला हवा असलेला तोल हाच आहे, आणि तो कुठल्याही बाजूने ढळू नये असं मनापासून वाटतं.

ट्रॅकरखेरीज दोन्ही हाडांत एकेक बारीक चेकपॉइंट, म्हणजे जागा पडताळायची खूण, बसवतात. शेवटी तो मोजून परत घेणं माझ्या काउंटमध्ये (वापरलेल्या वस्तूंच्या मोजणीत) येतं. कापण्याआधी प्रोब त्याला टेकवून खात्री करतात. एका पेशंटची हाडं फार ठिसूळ होती. चेकपॉइंटला प्रोब लावला तर पडद्यावर फरक दिसला. ट्रॅकरची पिन किंचित हलली होती. यंत्राला ते आपोआप समजत नाही. तपासलं नसतं तर चुकीच्या जागीसुद्धा रोबोचा हात तितकाच ठाम राहिला असता. सरांनी रोबो बाजूला घ्यायला सांगितला आणि म्हणाले, "सिस्टर, मॅन्युअल ट्रे." म्हणजे हाताने करायच्या ऑपरेशनची हत्यारं. मांडीच्या हाडात रॉड, नडगीवर बाहेरून गाइड, जुन्या पद्धतीने गुडघा नीट बसला. रोबो असो नसो, तो ट्रे माझ्या हाताशी निर्जंतुक तयार असतोच.

सगळेच रोबो असे नसतात. रोझासारखा रोबो कापायचा गाइड जागेवर नेऊन धरतो, करवत पूर्ण सर्जनची. क्यूविस किंवा टीसोल्यूशन-वन हाड स्वतः कोरतात आणि सर्जनच्या हाती थांबवायचं बटण असतं. टीसोल्यूशनचा पूर्वज रोबोडॉक. त्याने १९९२ मध्ये अमेरिकेत सॅक्रामेंटोला पहिल्यांदा माणसाच्या खुब्याचं हाड कोरलं. पुढे जर्मनीत तो खूप वापरला गेला, आणि स्नायूंना इजा झाल्याच्या तक्रारी कोर्टात गेल्या. हाड अचूक कोरलं जात होतं, भोवतालच्या मऊ भागाचं काय, हा प्रश्न होता. कोरियात रोबोडॉकने आणि हाताने केलेल्या गुडघ्यांची निदान १० वर्षं तुलना झाली. २०२० साली निकाल छापून आला, तेव्हा पेशंटच्या हालचालीत किंवा सांधा टिकण्यात फरक आढळला नव्हता. काप अचूक आला म्हणून पेशंट आपोआप जास्त खूश होत नाही, एवढं यातून दिसतं.

एक गोष्ट मात्र मला खटकते आणि ती बाहेर कुणी बोलत नाही. पडद्यासमोर बहुतेक वेळा कंपनीचा माणूस बसतो. ही मुलं हुशार असतात, सॉफ्टवेअर त्यांना पाठ असतं. पण "सर, पॉइंट फाइव्ह मिलिमीटर अजून घेऊ या का?" हा प्रश्न त्यांच्याकडून आला आणि मान न वर करता "घ्या" असं उत्तर गेलं, तर ताबा नक्की कुणाकडे राहिला? आमचे सर आकडा स्वतः मोठ्याने बोलतात, समोरचा तो परत म्हणून दाखवतो, मगच क्लिक होतं. हा नियम प्रत्येक ओटीत असावा.

आणि रेसिडेंट (शिकाऊ) डॉक्टरांना जिगवरचे गुडघे भरपूर करू द्यावेत. पिन हलली त्या दिवशी टेबलाशी फक्त रोबोवरच शिकलेला सर्जन असता तर काय, हा विचार मला अजून अस्वस्थ करतो.

ज्यांचं ऑपरेशन ठरलंय त्यांनी आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा: तुमचा रोबो करवत धरतो, गाइड धरतो की स्वतः कापतो? आराखडा कोण करतं? मध्येच यंत्र थांबवावं लागलं तर पुढचं ऑपरेशन कसं पूर्ण करता? चांगला सर्जन या प्रश्नांना कंटाळत नाही. माझं तर म्हणणं आहे की ही उत्तरं संमतीपत्रातच मराठीत छापलेली हवीत.