आठ आठवडे चार दिवस

रिपोर्टवर लिहिलं होतं, 8 आठवडे 4 दिवस. तारीख 24 ऑक्टोबर 2024. तालुक्याच्या सोनोग्राफी सेंटरमधून गावी येईपर्यंत एसटीत मी तो कागद चारदा उघडून पाहिला. लग्नाला पाच वर्षं झाल्यावर मला दिवस गेले होते.

संध्याकाळी यांना फोन लावला. हे चाकणला कंपनीत कामाला. आधी खूप आनंदले, मग बोलता बोलता थांबले. म्हणाले, "आजपासून 60 दिवस मागं मोजले तं 25 ऑगस्ट येते. मी तं 1 सप्टेंबरले आलो होतो ना व, पोळ्याच्या आदल्या दिवशी?"

आवाज चढवला नाही की वेडंवाकडं काही बोलले नाहीत. "ड्युटीवर जातो" म्हणून फोन ठेवला. पण त्या रात्री मला झोप नाही. मी खरी होते आणि यांची मोजणीही बरोबर होती, मग चुकतंय कुठं हेच कळेना. सासूबाईंना सांगायची हिंमत झाली नाही.

सकाळी घरचे सोयाबीनच्या मळणीला गेले आणि मी उपकेंद्रात. सिस्टरनं रिपोर्ट पाहिला आणि विचारलं, "शेवटची पाळी कधीची?" 15 ऑगस्टची. शाळेत झेंडावंदन होतं, म्हणून पक्की लक्षात होती.

मग त्यांनी समजावलं. गरोदरपणाचे आठवडे गर्भ राहिल्यापासून मोजतच नाहीत, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. कारण पाळीची तारीख बाईला सांगता येते, गर्भ कोणत्या दिवशी राहिला ते कोणाला दिसत नाही. सोनोग्राफीत बाळाची डोक्यापासून बुडापर्यंत लांबी मोजतात, पण आठवडे त्याच जुन्या रीतीनं लिहितात. म्हणजे रिपोर्टमधले पहिले 2 आठवडे पोटात गर्भ नसतोच. 60 दिवसांतून 14 काढले की राहिले 46. तेवढे मागं मोजले तर 8 सप्टेंबर. आदल्या दिवशी गणपती बसले होते आणि हे घरीच होते, महालक्ष्म्या उठल्यावर 13 तारखेला गेले. मी तिथंच बाकड्यावर बसून रडले.

पण लगेच दुसरी भीती. 15 ऑगस्टपासून मोजलं तर 70 दिवस, म्हणजे पूर्ण 10 आठवडे होतात. मग रिपोर्टमध्ये दहा दिवस कमी का? बाळ वाढत नाही का?

सिस्टर म्हणाल्या, "तुझी पाळी किती दिवसांनी येते?"

हे मला सांगता आलं. आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या लिटरांच्या आकड्याशेजारी मी लाल पेनानं ठिपका देते. 36, 38, पुन्हा 38. सिस्टर म्हणाल्या, बीज फुटतं ते साधारण पुढची पाळी येण्याच्या 14 दिवस आधी. 28 दिवसांची पाळी असेल तर तो चौदावा दिवस पडतो, म्हणून सगळे 'चौदावा दिवस' म्हणतात. 38 दिवसांच्या बाईत तो चोविसाव्या दिवसाच्या आसपास येतो. बाळ कमी वाढलेलं नव्हतं, ते राहिलंच उशिरा. रिपोर्टमध्ये ठोकेही लिहिलेले होते.

हे ऐकून मला मागची दोन वर्षं आठवली. एका नातलग बाईनं चौदावा दिवस सांगितला म्हणून हे त्याच दिवसाची सुट्टी काढून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं यायचे, दोन दिवस राहून परत जायचे. शुक्रजंतू बाईच्या पोटात फार तर 5 दिवस जिवंत राहतात आणि फुटलेलं बीज एखादाच दिवस. आमच्या त्या सगळ्या फेऱ्या बीजाच्या खूप आधी संपायच्या. मला बोल लावणाऱ्यांना हे माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. आणि ज्या दिवसांत अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा, बोटांत तार निघेल असा स्राव जायचा, त्याला मी अंगावरून जाणं समजून चूर्ण खात होते. बीज फुटायच्या जवळपासची तीच खूण होती. या वेळी पोळा ते महालक्ष्म्या अशी लांब सुट्टी मिळाली आणि ते दिवस आपोआप त्यात आले.

8 सप्टेंबर ही काही दगडावरची रेघ नाही, हेही सिस्टरनं सांगितलं. इतक्या लवकर केलेली सोनोग्राफीसुद्धा 5 ते 7 दिवस इकडेतिकडे होऊ शकते. शिवाय संबंध आणि गर्भ राहणं यांतही काही दिवसांचं अंतर पडू शकतं.

दिवाळीत हे आले तेव्हा मी कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि यांच्या मांडीवर ठेवलं. बोट धरून एकेक चौकोन मोजला. हे बराच वेळ सप्टेंबरच्या पानाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मले माफ कर. त्या दिवशी फोन ठेवाले नोको होता."

9 नोव्हेंबरला आम्ही दोघं सरकारी दवाखान्यात गेलो. दर महिन्याच्या 9 तारखेला तिथं गरोदर बायांची तपासणी असते. पाळीवरून बाळंतपणाची तारीख 22 मे येत होती, पण पाळीचं अंतर लांब आणि फरक दहा दिवसांचा, म्हणून डॉक्टरबाईंनी सोनोग्राफीची 1 जून तारीख कार्डावर लिहिली. त्याचा फायदा मेच्या शेवटी झाला. 22 तारीख गेली तशा सासूबाई रोज "अजून कसं नाही?" म्हणायच्या, मी कार्ड दाखवायचे. मुलगी 30 मेला झाली.

परवा शेजारची नवी सून विचारायला आली, तिलाही कोणीतरी चौदावा दिवसच सांगितलाय. तिची पाळी 26 दिवसांची. मी म्हटलं, बाई, तुझा बारावा धर, आणि त्याच्या आधीचे चार-पाच दिवसही सोडू नको.