आठ दिवस, एक विहीर

"आठ दिवस एकच उतारा वाचता? पाठ होत नाही का हो?"

मी रिट्रीटला जाते, म्हणजे आठ दिवस मौन पाळून बायबलमधला एक उतारा घेऊन प्रार्थनेला बसते, हे कळल्यावर शाळेत माझ्याबरोबर शिकवणाऱ्या एका बाईंनी हे पहिल्यांदा विचारलं. मग भिशीत, लग्नाच्या पंगतीत, विरार लोकलमध्ये हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत राहिला. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. होतो पाठ. दुसऱ्या दिवशीच होतो, आणि खरी पंचाईत तिथून सुरू होते.

आम्ही वसईचे कॅथलिक, पण माझ्या आजीच्या घरात बायबल नव्हतं. रोझरीचे, म्हणजे जपमाळेचे मणी झिजून गुळगुळीत झाले होते. शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधली येशूची कथा, मात्र फादर प्रवचनात सांगतील तेवढंच तिला ठाऊक, कारण मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, लॅटिनमधून व्हायची. १९६५ साली कॅथलिक बिशपांच्या व्हॅटिकन परिषदेनं सगळ्या भाविकांना बायबल वाचायचा आग्रह केला, त्यानंतर हळूहळू पुस्तक आमच्या घरी आलं. आलं, आणि कित्येक वर्षं घरातल्या आल्तारवर, म्हणजे वेदीवर, फुलांशेजारी नुसतंच राहिलं.

रिट्रीटची ही पद्धत जेझुइट संघ स्थापणाऱ्या संत इग्नेशियस लोयोलाची, सोळाव्या शतकातली. पूर्ण साधना तीस दिवसांची, आमच्यासारख्या प्रापंचिकांना आठ दिवसांची. मोबाइल जमा, बोलणं बंद. दिवसातून चार वेळा तासभर बसायचं आणि अर्धा तास मार्गदर्शक फादरांना भेटायचं. जेवतानाही कुणी बोलत नाही, त्यामुळे स्टीलच्या ताटाला चमचा लागला तरी दचकायला होतं. पहिले दोन दिवस मी चक्क झोपा काढल्या. तिसऱ्या दिवशी वाटणीवरून जावेशी झालेलं अकरा वर्षांपूर्वीचं भांडण शब्दन् शब्द आठवलं. अध्यात्म वगैरे त्यानंतर.

गेल्या वर्षी मला योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय दिला होता, पहिल्या बेचाळीस ओव्या. (ओव्या नव्हेत खरं तर, वचनं, पण घरात आम्ही ओव्याच म्हणतो.) चालून दमलेला येशू भर दुपारी शोमरोन प्रांतातल्या याकोबाच्या विहिरीवर बसलाय. एक बाई पाण्याला येते. तो पाणी मागतो. यहुदी आणि शोमरोनी यांचा एकमेकांशी व्यवहार नाही, तेव्हा ती चकित होते. मी तुला जिवंत पाणी दिलं असतं, असं तो म्हणतो. ती म्हणते, पोहरा नाही तुमच्याकडे, विहीर खोल आहे. मला हे उत्तर फार आवडतं. रोज पाणी ओढणाऱ्या बाईचं उत्तर आहे ते.

प्रवचनांत या बाईचं पार पोतेरं झालेलं मी लहानपणापासून ऐकलंय. पाच नवरे झालेली, म्हणून लोकांना तोंड चुकवत दुपारी आलेली. चार दिवस तोच मजकूर वाचल्यावर लक्षात आलं की यातलं बरंचसं तिथे लिहिलेलंच नाही. ती दुपारी का आली, ते नाही. पाच नवरे कसे झाले, मेले की त्यांनी टाकलं, तेही नाही. आता जो आहे तो नवरा नव्हे, हे येशू सांगतो खरा, पण तिला 'पाप करू नकोस' म्हणत नाही. आणि दुपारचं म्हणाल, तर घरात पाहुणा टपकला की माझी आजीसुद्धा दुपारी विहिरीवर जायची.

पाचव्या दिवशी फादरांनी एवढंच सांगितलं: मूळ ग्रीकमध्ये सुरुवातीला त्या जागेला 'झरा' म्हटलंय. बाई बोलू लागते तेव्हा तीच जागा 'विहीर' होते. पुढे येशू माणसाच्या आत उसळणाऱ्या पाण्याबद्दल बोलतो, तेव्हा शब्द पुन्हा 'झरा'. बास. अर्थ सांगितला नाही, आणि नाही सांगितला तेच बरं झालं.

कारण त्या दुपारी मी शोमरोनात नव्हतेच. आमच्या केळीच्या वाडीत होते, रहाटाच्या विहिरीवर. मे महिन्यात विहीर उपसायचे. गडी आत उतरून गाळ वर द्यायचे आणि दिवस कलला की आजोबा मला काठावर धरून आत वाकू द्यायचे. तळाच्या खडकातून एका बाजूनं पाण्याची बारीक धार सुटलेली दिसायची. एरवी वर्षभर आम्ही नुसतं पाणी बघायचो, झरा दिसायचा तो विहीर रिकामी झाल्यावर. आता ती विहीर बुजवलीय, वर इमारत आहे, पाणी टँकरनं येतं. तासभर मी रडले. प्रार्थना होती की वाडीची आठवण, मला सांगता येणार नाही. फादरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "उद्या तिथेच बसा."

या साधनेत याला पुनरावृत्ती म्हणतात. पुढचा उतारा घ्यायचाच नाही. जिथे मन हललं तिथे परत जायचं. ज्ञानेश्वरीचं पारायण करणाऱ्या माझ्या शेजारणीला हे चटकन कळलं. तिचंही एका ओवीवर तीन दिवस अडलं होतं म्हणे.

शेवटी ती बाई घागर तिथेच टाकून गावात जाते. येशूला पाणी मिळालं की नाही, योहान लिहीतच नाही. हे मी फादरांना विचारलं, तर हसले फक्त.

तुमच्यापैकी दोघींनी येऊ का असं विचारलंय. या की. ख्रिस्ती असायला हवं असं काही नाही. पातळ चादर आणा, साधं घड्याळ आणा. आणि जावेशी भांडण असेल तर ते आधी मिटवून या, नाहीतर तिसरा दिवस जड जातो.